पांढरीच्या मातीतील साक्ष

देशावरच्या गावाला दोन जमिनी असतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक येते, पांढरीत माणसे राहतात. जुन्या वतनी कागदांतून ही दोन नावे जोडीने आढळतात. गाव उठून गेले, भिंती बसल्या, तरी पांढरीची खूण मिटत नाही. शेकडो वर्षांची राख, शेण, हाडे, चुना आणि पडक्या भिंतींची माती एकजीव होऊन नदीकाठी एखादे बुटके टेकाड तयार होते, आणि भोवतालच्या काळ्या शिवारात ते दुरूनही फिकट दिसते. शेतकऱ्याच्या लेखी ही माती म्हणजे उत्तम खत. पूर्वी बैलगाडीने आणि आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने ती शेतात नेऊन पसरली जाते. खापरे निघाली तर बांधावर फेकली जातात. हाडे निघाली तर ती खताबरोबरच जिरतात. पोटासाठी चाललेल्या या व्यवहारात शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र त्या खताबरोबर नेमके काय वाहून जाते, याची पुरती कल्पना पन्नास-साठ वर्षांपूर्वी पुरातत्त्वज्ञांनाही नव्हती. आज ती आहे, आणि म्हणून हा विषय तज्ज्ञांच्या परिषदांपुरता ठेवणे आपल्याला परवडणारे नाही.

हाड, दात, गोगलगाईचा शंख, तळ्याचा गाळ, गुहेतील लवणस्तंभ यांवरून जुन्या माणसाचे अन्न आणि जुन्या काळचा पाऊस ओळखण्याच्या या पद्धतीस स्थिर समस्थानिकांचे विश्लेषण म्हणतात. नाव बोजड आहे, मर्म सोपे आहे. एकाच मूलद्रव्याचे काही अणू इतरांहून किंचित जड असतात. निसर्गातील कार्बनच्या शंभर अणूंपैकी सुमारे नव्व्याण्णव १२ वजनाचे आणि एखादा १३ वजनाचा असतो. १४ वजनाचा कार्बन फार थोडा. तो किरणोत्सारी असल्याने हळूहळू नाश पावतो, आणि त्याच्या उरलेल्या प्रमाणावरून आपण प्राचीन वस्तूंचे वय काढतो. तो झाला घड्याळासारखा. १२ आणि १३ मात्र नाश पावत नाहीत. त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण एकदा हाडात किंवा शंखात बंदिस्त झाले की, पदार्थ टिकून आहे तोवर, हजारो वर्षे तसेच राहते. त्यांना शिक्क्याची उपमा देता येईल. हा शिक्का वाचण्याचे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवलेल्या हॅरॉल्ड युरे यांनी १९४७ साली दाखवून दिले की, शंखशिंपल्यांतील ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंच्या प्रमाणावरून ते ज्या पाण्यात वाढले त्याचे तापमान काढता येईल. पुढची सारी इमारत त्या पायावर उभी आहे.

कार्बनचा शिक्का पहिल्यांदा उमटतो तो वनस्पतींत. हवेतील कार्बन वायू शोषून घेताना बहुतेक वनस्पती प्रथम तीन कार्बन अणूंचे संयुग बनवतात. भात, गहू, जव, सर्व डाळी, झाडून सारे वृक्ष या गटातले. ऊन आणि कोरडेपणा सोसणाऱ्या काही वनस्पतींनी मात्र वेगळी वाट काढली. त्यांचे पहिले संयुग चार कार्बन अणूंचे असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राळा, मका, ऊस आणि आपल्या माळरानावरचे बहुतेक गवत या दुसऱ्या गटात मोडते. पहिला गट जड कार्बनला जास्त नाकारतो, दुसरा कमी. ठरावीक मानकाशी तुलना करून दर हजारी आकड्यांत सांगायचे तर पहिल्या गटाचा आकडा उणे २६-२७ च्या आसपास आणि दुसऱ्याचा उणे १२-१३ च्या आसपास येतो. दोहोंमधील अंतर इतके स्वच्छ आहे की, भात खाणारा आणि भाकरी खाणारा यांची हाडे प्रयोगशाळेत वेगळी ओळखू यावीत. आजही मधात उसाची साखर मिसळली आहे की नाही हे याच खुणेवरून पकडतात, कारण मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतेक पहिल्या गटातली. (तांदळापासून केलेला पाक मिसळणारा भेसळखोर या परीक्षेतून सुटतो. भात पहिल्या गटातला ना!)

गंमत अशी की, ही खूण मुळात एका अडचणीतून हाती लागली. अमेरिकेत मक्याच्या जुन्या कणसांचे कार्बन-१४ पद्धतीने काढलेले वय सोबतच्या लाकडी कोळशापेक्षा कमी भरू लागले. मका जड कार्बन अधिक घेतो म्हणून हा फरक पडतो, असे १९६० नंतरच्या दशकात ध्यानात आले. मग जे एकाला अडचण वाटले ते दुसऱ्याला साधन वाटले. १९७७ साली फोगेल आणि व्हान डर मर्व या दोघा संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातील प्राचीन सांगाड्यांच्या हाडांवरून तेथील लोक मका केव्हा खाऊ लागले हे दाखवले. पुढच्याच वर्षी डीनिरो व एप्स्टाइन यांनी प्राण्यांना ठरावीक अन्न देऊन शरीर व आहार यांतील हे नाते प्रयोगाने सिद्ध केले. त्या वर्षी पुण्यापासून सुमारे ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजचे इनामगावचे उत्खनन चालू होते.

१९६८ ते १९८३ या काळात झालेले हे उत्खनन महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांची कहाणी सांगणारे म्हणून जगभर गाजले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली खणलेल्या या गावाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० असा ठरला. पूर्व जोर्वे काळात तेथे मोठी चौकोनी घरे होती, पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाट होता, जवाचे पीक होते. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेतीचा जोर ओसरतो, शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. आणि सुमारे तीनशे वर्षांनी गाव ओस पडते. प्रवरेकाठचे दायमाबादही इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास उजाड झाले. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की, पर्जन्यमान घटले, शेती साधेना, आणि लोक मेंढ्या-शेळ्यांमागे फिरस्ते झाले. दुष्काळाशी पिढ्यान्‌पिढ्या गाठ असलेल्या आपल्या मनाला हे उत्तर चटकन पटते. पटते म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे.

आपल्या भाषेने संकटांचे दोन वर्ग केव्हाच करून ठेवले आहेत: अस्मानी आणि सुलतानी. इनामगावच्या काळी सुलतान नव्हता. परंतु माणूस होता, त्याची कुऱ्हाड होती, गुरे होती. तेथील माती उजाड झाली ती आकाश रुसल्यामुळे की माणसाने तिला पिळल्यामुळे, हा प्रश्न तीन हजार वर्षांपूर्वीचा असला तरी शिळा नाही. पाऊसच कमी झाला असे म्हटले की कोणाकडेच बोट दाखवावे लागत नाही.

या प्रश्नावर एक अनपेक्षित साक्षीदार बंगालच्या उपसागरातून पुढे आला. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून २००६ साली गाळाचा एक उभा नमुना काढण्यात आला. हेतू नैसर्गिक वायूच्या साठ्यांचा शोध घेण्याचा होता; परंतु त्या गाळात हजारो वर्षांची आपल्या पठाराची माती थरावर थर साचलेली होती. झाडाच्या पानावर मेणाचा पातळ लेप असतो. तो सहज कुजत नाही. नदीबरोबर वाहत समुद्रात जातो आणि गाळात पुरला जातो. कॅमिलो पाँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मेणातील कार्बन तपासून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून गोदावरी खोऱ्यात दुसऱ्या गटातील, म्हणजे कोरडेपणा सोसणाऱ्या, वनस्पतींचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि सुमारे १,७०० वर्षांपूर्वी ते आजच्यासारखे स्थिरावले. त्र्यंबकेश्वरापासून राजमहेंद्रीपर्यंतच्या प्रवाहाने आपल्या वनराईचा जमाखर्च असा समुद्रात नेऊन ठेवला होता.

ढवळीकरांच्या मताला हा भक्कम आधार वाटतो, आणि काही अंशी तो आहेही. पण येथेच थांबून उलटतपासणी करावी लागते. दुसऱ्या गटातील वनस्पती वाढल्या याचे दोन अर्थ संभवतात. पाऊस घटला, वृक्ष मेले आणि गवत वाढले, हा एक. माणसाने जंगल तोडले, तेथे गुरे चारली आणि राळा, वरई यांसारखी धान्ये पेरली, हा दुसरा. मेणातील कार्बन दोन्ही प्रसंगी तीच साक्ष देणार. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, लिव्हियु जोसान आणि सहकाऱ्यांनी त्याच गाळातील निओडिमियम या धातूच्या समस्थानिकांवरून ही माती कोणत्या खडकाची आहे ते पाहिले. दख्खनचा काळा पाषाण आणि पूर्वेकडील प्राचीन खडक यांचे शिक्के निराळे असतात. उत्तरकाळात समुद्रात जाणाऱ्या मातीचे मान वाढले आणि त्यात दख्खनच्या पठाराचा वाटा ठळक झाला, असे त्यांना आढळले. विरळ झालेले वनस्पतींचे आच्छादन आणि वाढती शेती या दोहोंशी त्यांनी या धुपीचा संबंध जोडला. म्हणजे अस्मानीबरोबर दुसऱ्या पक्षाचे नावही आरोपपत्रात आले.

पावसाची साक्ष स्वतंत्रपणे घ्यायची तर कार्बन सोडून ऑक्सिजनकडे वळावे लागते. पाण्यातला ऑक्सिजनही जड आणि हलका असतो. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांनी १९५२ साली कोपनहेगनमध्ये आपल्या बागेत बियरच्या बाटलीवर नरसाळे बसवून पाऊस गोळा केला आणि ढगागणिक त्याचे प्रमाण बदलते हे पाहिले. त्यातून पुढे ग्रीनलंडच्या बर्फातून प्राचीन तापमान वाचण्याचे शास्त्र जन्मले. आपल्या मोसमी प्रदेशात तापमानापेक्षा पावसाच्या जोराचा परिणाम अधिक दिसतो. मुसळधार पावसाचे पाणी हलके, तुटपुंज्या पावसाचे जड. आणि तळे आटू लागले की हलके पाणी आधी उडून जाते, मागे जड उरते. गोगलगाय आपला शंख त्याच पाण्यातून घडवते. हरियाणातील कोटला दहर या आज कोरड्या असलेल्या तळ्यातील शंखांवरून सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस एकाएकी क्षीण झाल्याचे २०१४ मध्ये मांडले गेले. हडप्पा संस्कृतीची नगरे मोडकळीस येण्याचा काळ तोच. मेघालयातील मॉमलुह गुहेच्या लवणस्तंभातही ती खूण इतकी स्पष्ट निघाली की, भूवैज्ञानिकांनी २०१८ साली पृथ्वीच्या इतिहासातील शेवटच्या ४,२०० वर्षांच्या कालखंडाला मेघालयी हे नाव दिले. कुऱ्हाडीने कितीही झाडे पाडली तरी शंखातील ऑक्सिजनवर तिचा असा सरळ ठसा उमटत नाही, हे या साक्षीचे मोल.

महाराष्ट्रात अशी नोंदवही लोणारला आहे. उल्केच्या आघाताने झालेल्या या विवरातील सरोवराला बाहेर जाण्याची वाट नाही. जे पाणी येते ते तेथेच आटते आणि जो गाळ येतो तो तेथेच बसतो. भारतीय व जर्मन संशोधकांनी तेथील सुमारे दहा मीटर गाळाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना दोन दीर्घ अवर्षणकाळ दिसले: एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

हे आकडे इनामगावच्या कालपटाशेजारी ठेवून पाहावेत. पहिले अवर्षण संपल्यानंतर तीनशे-साडेतीनशे वर्षांनी इनामगाव वसले. ते ओस पडले इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास, म्हणजे दुसरे अवर्षण सुरू होण्यापूर्वी सहा-सातशे वर्षे. गावाची उतरती कळा दोहोंपैकी एकातही बसत नाही! आणि दुसरे अवर्षण चालू असताना या भूमीवर काय घडत होते? सातवाहनांचा उत्तरकाळ, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव हे सारे त्याच काळातले. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी, वेरूळचे कैलास लेणे आणि हेमाडपंती मंदिरेही त्याच काळातली. अवर्षणाने इनामगावच्या झोपड्या उठवल्या म्हणावे, तर मग त्याहून दीर्घ अवर्षणात कैलास कसे कोरले गेले, याचे उत्तर द्यावे लागेल. लोणार म्हणजे घोड नदी नव्हे, आणि एका सरोवराची नोंद साऱ्या पठाराला लागू करणे घाईचे होईल, हे मान्य. तरीही पाऊस घटला म्हणून गाव मोडले, हे वाक्य पाठ्यपुस्तकात इतक्या निःशंकपणे छापण्याजोगे राहिलेले नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या बालकांच्या सांगाड्यांवरील आपल्या २०११ च्या ग्रंथात या सरळ कार्यकारणभावाला हरकत घेतलीच आहे. उत्तर जोर्वे काळात मुलांची वाढ खुंटली होती, हे त्यांनी दाखवले. पण आकाशाला एकट्याला जबाबदार धरण्यास त्या तयार नाहीत.

हवामानाचा दोष मुळीच नसतो, असे येथे सुचवायचे नाही. बस्तरमधील दंडक गुहेच्या लवणस्तंभात चौदाव्या शतकातील क्षीण पावसाळ्यांची नोंद सापडली आहे, आणि त्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ आपल्या लोकस्मृतीत अजून आहे. अस्मानी संकट खरेच येते. ते आल्यावर कोणते गाव टिकते आणि कोणते मोडते, हे मात्र पर्जन्यमानावरून कळत नाही. ते माणसांच्या हाडांतून कळेल, आणि तेथे काम जवळजवळ सगळे बाकी आहे.

इनामगावच्या शिक्क्यांचा प्रश्न सोपाही नाही. हाडातील कोलॅजन हे प्रथिन या परीक्षेला सर्वांत सोयीचे. पण आपल्या उष्ण हवेत आणि एकदा भिजणाऱ्या, एकदा तडकणाऱ्या मातीत ते फार काळ टिकत नाही. दाताचे कवच अधिक चिवट असते. ते बालपणी एकदा घडते आणि पुन्हा बदलत नाही, म्हणून म्हाताऱ्याच्या दाढेतही त्याच्या लहानपणीचा आहार वाचता येतो. शिवाय दुसऱ्या गटाची खूण सापडली म्हणजे भाकरी सापडली असे नव्हे. माळावरचे गवत खाणाऱ्या गाईचे दूध आणि मांसही तीच खूण माणसाच्या अंगी उतरवते. १९७२ च्या दुष्काळात रास्त भावाच्या दुकानांतून अमेरिकेची तांबडी मिलो खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या शरीरात तिची आणि मालदांडीची खूण एकच उमटली असणार. चव मात्र एक नव्हती, हे त्या पिढीला विचारावे. उद्याच्या संशोधकाला आपल्या हाडांत ज्वारी घटल्याचे आणि उसाची साखर वाढल्याचे एकाच आकड्यात वाचावे लागेल, तेव्हा त्याची काय तारांबळ उडेल कोण जाणे.

स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून माणूस कोणत्या खडकाच्या प्रदेशात वाढला ते कळते. परंतु नाशिकपासून सोलापूरपर्यंत एकच काळा पाषाण पसरलेला असल्याने एका गावचा माणूस दुसऱ्या गावी गेला हे त्यावरून सांगणे कठीण. तो पूर्व विदर्भाच्या, दक्षिण कोकणाच्या किंवा गोव्याच्या प्राचीन खडकांवरून आला असेल तरच शिक्का वेगळा दिसेल.

नायट्रोजनचा शिक्का अन्नसाखळीची पायरी सांगतो. दर पायरीला तो तीन-चार हजारांशांनी जड होतो. अंगावर पिणारे मूल जणू आईच्याही वरच्या पायरीवर असते. ते वरच्या अन्नावर येऊ लागले की आकडा खाली येतो. इनामगावात मृत बालकांना घरातल्याच जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरत असत. ती मुले दूध तुटल्यावर गेली की त्याआधी, उत्तर जोर्वे काळात आयांना दूध लवकर तोडावे लागत होते काय, हे प्रश्न आता विचारता येतात. वाढ खुंटलेल्या मुलांबद्दल यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न दुसरा कोणता असेल? हाडांत प्रथिन उरले असेल तर उत्तर मिळेल. नसेल तर दुधाच्या दातांच्या कवचावर भिस्त ठेवावी लागेल.

हे शक्य आहे, कारण इनामगावची हाडे जपली गेली. खणणाऱ्यांना या पद्धतीचा उपयोग तेव्हा करता आला नाही, तरी त्यांनी हाडे फेकली नाहीत. पुण्यातच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत पावसाच्या समस्थानिकांवर काम होते. अमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीला या विषयातील अनेक दशकांची परंपरा आहे. ज्ञान आणि यंत्रे यांची वाण आहे असे म्हणता येणार नाही. वाण आहे ती न खणलेल्या पांढरीच्या रक्षणाची. धरण, रस्ता, वीटभट्टी किंवा खत यांपायी टेकाड नाहीसे होण्यापूर्वी त्याची माती चाळून गोगलगाईचे शंख, जनावरांचे दात आणि जळके दाणे थरांच्या नोंदीसह बाजूला काढणे, हे काम पुरातत्त्व खाते एकट्याने करू शकणार नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातील इतिहासाचा आणि रसायनशास्त्राचा शिक्षक एकत्र आले तर गावात कोठे पांढरी उरली आहे याची यादी तरी होईल, आणि ती यादी खात्याकडे जाईल. खणण्याचा अधिकार त्यांना नाही आणि असूही नये. नोंद कोणालाही करता येते.

ही परीक्षा वस्तूचा थोडा भाग खर्ची घालते, हेही सांगितले पाहिजे. हाडाचा जो तुकडा विरघळवला तो परत येत नाही. म्हणून परदेशी प्रयोगशाळेने मागितले म्हणून नमुना दिला, असे होऊ नये. कोणता प्रश्न विचारायचा आहे हे आधी ठरवावे, दाताचे मोजमाप, छायाचित्र आणि साचा करून ठेवावा, आणि मगच कवच घ्यावे. दाताच्या कवचाच्या एका परीक्षेला साधारण दहा मिलिग्रॅम भुकटी पुरते. मिठाची चिमूट त्याहून कितीतरी जड असते.